जपानी शाळेत पहिल्यांदा इंग्रजी शिकवायला जाताय? आधी बूट बघा

बाहेरचे बूट दारातच, गेनकानमधल्या (प्रवेशाच्या जागेतल्या) कप्प्यात ठेवायचे आणि आत उवाबाकी, म्हणजे फक्त आत वापरायचे बूट, घालायचे. रस्त्यावर कधीच न वापरलेले, फिक्या तळाचे साधे बूट चालतात. पाय मोठा असेल तर तिथे माप मिळताना पंचाईत होते, तेव्हा कोरा जोड इथूनच न्या. संडासातल्या चपला वेगळ्या असतात. त्याच घालून वर्गात गेलात तर पोरं आठवडाभर हसतील.

सकाळी शिक्षकांच्या खोलीत शिरताना 'ओहायो गोझाइमास' (सुप्रभात), घरी निघताना 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमास' (तुमच्या आधी निघतोय, माफ करा). मोठ्याने म्हणा, पुटपुटू नका.

तास प्राथमिकला ४५ मिनिटांचा, पुढच्या शाळेत ५०. नवख्यांचा तास फसतो तो खेळाचे नियम इंग्रजीत समजावण्यात. नियम सांगू नका. वर्गशिक्षकाला समोर घेऊन एक डाव खेळून दाखवा. चित्रकार्डं ए४ आकाराची करा, छोटी कार्डं शेवटच्या बाकावरून दिसत नाहीत. वर्गशिक्षकाशी आदल्या दिवशी पाच मिनिटं बोलून घ्या, नाहीतर वर्गात नुसतं टेपरेकॉर्डरसारखं वाचत उभं राहावं लागतं.

शाकाहारी मंडळींचा खरा घोळ शाळेच्या जेवणात. 'निकु नाशि' (मांस नको) म्हटलं की मांस टळतं, मासे नाही. साध्या मिसो सूपातही बहुधा बोनितो माशाची दाशी, म्हणजे माशाचं पाणी, असते. रुजू होतानाच उपमुख्याध्यापकांना सांगून डबा न्यायची परवानगी घ्या. जेवण मात्र मुलांबरोबर वर्गातच करा, सगळे मिळून 'इतादाकिमास' (जेवणाआधीचे आभाराचे शब्द) म्हणेपर्यंत घास उचलू नका. मुलं शाळेची साफसफाई करतात त्या वेळी फडकं घेऊन तुम्हीही वाका. मुलं तिथेच मोकळेपणी बोलतात.