संजय गांधी निराधारचा अर्ज दिल्यानंतर

ताई, संजय गांधी निराधार योजनेच्या, म्हणजे निराधार-दिव्यांगांना दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, अर्जाची पोचपावती घेतलीत ना? नसेल तर उद्याच तहसीलमध्ये जाऊन सही-शिक्क्यासह मागून घ्या. माझा पहिला अर्ज गहाळ झाला तेव्हा हातात काहीच पुरावा नव्हता, सगळं पुन्हा करावं लागलं. वाट बघताना जीव टांगणीला लागतो, ठाऊक आहे मला. पण मंजुरी तालुका समितीच्या बैठकीत होते, रोज हेलपाटे घालू नका. पुढची बैठक कधी, एवढंच विचारा. तोवर बँक खातं आधारशी जोडलंय का बघा, नाहीतर मंजूर होऊनही पैसे अडकतात. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचा आणि उत्पन्नाचा दाखला, दोन्हींच्या झेरॉक्स घरी ठेवा. फारच लांबलं तर माहिती अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एजंटला मात्र एक रुपयाही देऊ नका.