माशाची पहिली ढाल अंगावरच असते

शेततळ्यात रोहू-कटला नुकतेच सोडलेत ना, मग औषधांच्या बाटल्या गोळा करण्याआधी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर सांभाळा. त्यात लायसोझाइम असतं, ते जिवाणूंची भिंत फोडतं. शिवाय जिवाणू मारणारी छोटी प्रथिनंही असतात. म्हणून वजन बघताना मासा कोरड्या हातानं धरू नका, गाठींचं खरबरीत जाळं वापरू नका. खवला निघाला की एरोमोनास हा रोगकारक जिवाणू तिथूनच आत शिरतो. तो पाण्यात कायम असतोच, त्याला फक्त वाट हवी असते.

आत शिरल्यावर रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं त्याला चिकटतात, मग भक्षक पेशी गिळून टाकतात. या पेशी मुख्यतः मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात तयार होतात. माशाला अस्थिमज्जा नसते. अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात, थंडीत आणखी उशीर. तोवर सगळी भिस्त या जन्मजात ताकदीवर.

दाटी झाली, पहाटे ऑक्सिजन घटला, की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि ही ताकद ढासळते. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर त्या दिवशी जाळं टाकूच नका, खाद्य थांबवा आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा. पोटाखाली लाल चट्टे दिसले तर मात्र थेट मत्स्यतज्ज्ञांना दाखवा. मनानं प्रतिजैविक देऊ नका.