पिष्टमय की कर्बोदके? आणि मेद, चरबी, वसा?

दारव्हा तालुक्यातल्या एका अंगणवाडीताईंनी विचारलंय: जुन्या तक्त्यावर 'पिष्टमय पदार्थ' आहे, मुलीच्या पुस्तकात 'कर्बोदके', दोन्ही एकच ना? आणि 'स्निग्ध पदार्थ', 'मेद', 'चरबी', 'वसा' यांतलं भिंतीवर काय लिहू?

ताई, एकच नाहीत. संस्कृत 'पिष्' म्हणजे दळणे. त्यातून 'पिष्ट' आणि पुढे आपलं 'पीठ'. तेव्हा पिष्टमय म्हणजे ज्यात स्टार्च भरपूर ते: ज्वारी, तांदूळ, बटाटा. 'कर्बोदक' हा शास्त्रासाठी घडवलेला शब्द, कर्ब अधिक उदक. या गटातल्या बहुतेक पदार्थांत कार्बनसोबत हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात, तेही पाण्यातल्यासारखे दोनास एक. त्यात स्टार्च आला, साखर-गूळ आला, दुधातली साखर आली, आणि कोंडाही आला.

कोंड्याचं नवल वाटेल. पण ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च आणि कोंड्या-कडब्यातलं सेल्युलोज (म्हणजे न पचणारा चोथा), दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. कड्या जोडायची तऱ्हा तेवढी वेगळी. सेल्युलोजची जोडणी आपल्या पाचकरसांना तुटत नाही, बैलाच्या पोटातले सूक्ष्मजंतू ती तोडतात. म्हणून दाणा आपल्याला, कडबा-कुटार त्याला.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. शुगर असलेल्या माणसाला "पिष्टमय कमी करा" सांगितलं की तो भाकर अर्धी करतो आणि गोडमिट्ट चहा चालूच ठेवतो. चहात पीठ कुठं असते? शब्दाप्रमाणे त्याचं काही चुकलं नाही! तुरीच्या डाळीचंही असंच. तक्त्यात ती प्रथिनांच्या रांगेत, पण 100 ग्रॅम डाळीत प्रथिनं 22 ग्रॅमच्या आसपास आणि निम्म्याहून जास्त वजन कर्बोदकांचं.

आता तेलातुपाकडे. 'स्निग्ध' आणि 'स्नेह' एकाच धातूतले. आयुर्वेदात तेल-तुपाला स्नेहच म्हणतात. खाण्यापुरता मला 'स्निग्ध' हाच शब्द बरा वाटतो. जवस हाताला कोरडं लागतं, पण त्याच्या वजनात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेल. ताजी कुटलेली चटणी कागदावर ठेवून पाहा, कागदाला डाग पडतो. 'मेद' हा सप्तधातूंपैकी एक, म्हणजे मुळात शरीरातला. शास्त्राच्या पुस्तकांत तो आहारासाठीही चालतो. 'चरबी' फारसीतून आली. आपल्याकडे "लय चरबी चढली त्याले" म्हणतात, तेव्हा तर जेवणाचा संबंधच नसतो. भिंतीवर तो शब्द नकोच. तेल कमी खाणाऱ्याला वाटेल, आपण सुटलो. खरं तर गरजेपेक्षा जास्त खाल्लेल्या भाताची, साखरेचीही अंगात चरबीच होते. वजनाला वजन धरलं तर मात्र तेलच भारी: 1 ग्रॅम स्निग्धातून 9 किलोकॅलरी, कर्बोदकातून 4.

राहिला 'वसा'. संस्कृतात त्याचा अर्थ चरबीच, आणि हिंदीतून तो पाकिटांवरून आपल्या घरात आलाय. पण मराठी कानाला वसा म्हणजे "उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये" मधला. "वसा कमी करा" लिहाल तर म्हाताऱ्या बाया विचारतील, कोणत्या वाराचा?

तेव्हा एका रकान्यावर 'कर्बोदके' लिहा आणि खाली ज्वारी, तांदूळ, बटाट्यासोबत साखर-गुळाचंही चित्र काढा. दुसऱ्यावर 'स्निग्ध पदार्थ', त्यात तेल-तुपाशेजारी जवस, तीळ, शेंगदाणे.