एकोणिसाव्या वर्षी मारामारीची केस झाली, आता फायरमन होता येईल का?

विचारलंयस ते असं: बडोद्यात गणपती विसर्जनात हाणामारी झाली, तुझ्यावर गुन्हा दाखल झाला, पुढे निर्दोष सुटलास. आता अग्निशमन दलात अर्ज करावा का?

कर की! पण फॉर्ममध्ये 'कधी गुन्हा दाखल झाला आहे का' असं विचारलं असेल, तर 'हो' लिही. मुलं अडकतात ती इथंच. आमच्या दांडिया बाजारातल्या एका मुलानं 'सुटलो म्हणजे संपलं' म्हणून 'नाही'वर टिक केली. पोलीस पडताळणीत जुनी एफआयआर वर आली. मारामारी राहिली बाजूला, खोटं बोलल्याचाच ठपका बसला.

अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१६ साली हेच सांगितलं: माहिती खरी द्या. तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब लपवली असेल, तर नोकरी देणारा ती माफ करू शकतो. पण खरं सांगितलं म्हणजे नोकरी पक्की, असंही नाही. तुझी पार्श्वभूमी तपासण्याचा हक्क त्याला राहतोच. साक्षी फिरल्यामुळे सुटलास की आरोपच खोटे ठरले, यानंही फरक पडतो. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत आजच कोर्टातून काढून ठेव.

घटनेच्या वेळी अठराच्या आत असतास तर गोष्ट वेगळी होती. बालन्याय कायद्याच्या कलम २४ मुळे सहसा अपात्रता येत नाही.

बाकी पहाटे धावायला लाग. पाण्यानं भरलेला होज खांद्यावर घेऊन जिना चढायचा म्हणजे जिममधले दंड कामाला येत नाहीत, दम लागतो.