कळा सुरू होण्याआधी बोलायच्या गोष्टी

चरई, ठाणे

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

परवा डोहाळजेवणात तुझी ओटी भरत होते, तेव्हा तू हळूच कानात विचारलंस, "मावशी, दुखू नये म्हणून काहीही न घेता मला बाळंत व्हायचंय. हॉस्पिटलमध्ये होऊ देतील का?" भोवती पंचवीस बायका, आणि प्रत्येकीकडे स्वतःच्या बाळंतपणाची गोष्ट तयार. तिथे काय बोलणार? म्हणून आज सकाळची कामं आटोपून लिहायला बसले.

होऊ देतील. पण त्याचं बोलणं आत्ता, तू शुद्धीत आणि शांत असताना व्हायला हवं. कळा ऐन भरात आल्या की बाईला बोलता येत नाही, वाद घालणं तर दूरच. लेबर रूममध्ये तेहतीस वर्षं काढल्यावर हे मी खात्रीने सांगते.

आधी तो ‘नॉर्मल’ शब्द बघू. आपल्याकडे तो फार ढिला झालाय. पोट फाडलं नाही की नॉर्मल. सकाळी दाखल करून घेतलं, कळा वाढवायचं सलाईन लावलं, पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फोडली, दिवसभर पाठीवर उताणं झोपवलं, शेवटी खालून कट देऊन टाके घातले, तरी फाईलवर नॉर्मलच लिहिलं जातं. त्यामुळे ओपीडीत तू म्हणालीस, "डॉक्टर, मला नॉर्मल हवी," आणि त्या म्हणाल्या, "हो हो, प्रयत्न करू," तर दोघीही खरंच बोललात, पण एकाच गोष्टीबद्दल बोललात असं नाही. हा गोंधळ मग रात्री दोन वाजता टेबलावर कळतो.

म्हणून तो शब्द बाजूला ठेव आणि साधे, टोकदार प्रश्न विचार. पहिलटकरणीला तुम्ही दरवेळी कट देता का, की गरज पडली तरच? कळा आपल्या आपण चालू असतील तर सलाईन लावता का? मला उठून फिरता येईल का? पाणी, नारळपाणी, पेज घेऊ द्याल का? बाळाचे ठोके पट्टा बांधून सलग बघता, की थोड्या थोड्या वेळाने मशीन लावून ऐकता? बाळ बाहेर येताना कुशीवर किंवा गुडघ्यांवर राहिले तर चालेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री तुम्ही नसाल तर कोण असेल, आणि त्यांना हे ठाऊक असेल का? चौतिसाव्या आठवड्याच्या तपासणीला हे कागदावर लिहून ने. डॉक्टर चिडल्या तर तेही उत्तरच समज. दुसरीकडे नाव नोंदवायला तेव्हाही वेळ असतो, अडतिसाव्या आठवड्यात नसतो.

यातलं काही तू जगावेगळं मागत नाहीस. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये बाळंतपणाच्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या, त्यांत हेच आहे. सरसकट कट देऊ नये, एनिमा देऊ नये, खालचे केस काढू नयेत, धोका नसलेल्या बाईला खाऊपिऊ द्यावं, हिंडूफिरू द्यावं. गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा आमच्या काळचा नियमही त्यांनी मोडीत काढला. पाच सेंटीमीटरनंतर पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात असं त्यात म्हटलंय. आम्ही मात्र प्रत्येकीला एनिमा द्यायचो, प्रत्येकीचं शेव्हिंग करायचो, कारण शिकवलंच तसं होतं. किती जणींना त्या अवस्थेत उगाच लाज आणली, ते आता आठवलं की जीव कसानुसा होतो.

तू आकडे विचारशील म्हणून सांगते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातल्या 47 बाळंतपणांत सिझर झालेलं दिसतं, सरकारी ठिकाणी 14. यावरून प्रत्येक खासगी डॉक्टरला लबाड ठरवू नकोस. अवघड केसेस, घाबरलेले नातेवाईक, मुहूर्त काढून आलेले आजीआजोबा, हे सगळं मी पाहिलंय. पण वेळेचा आणि पैशाचा हिशेब कुठेच नसतो, असंही मी म्हणणार नाही.

आता सोबतीचं. इथे मला जरा जास्त लिहू दे.

माझं पहिलं बाळंतपण 1986 सालचं. कुठल्या प्रसूतिगृहात, ते राहू दे. मला आत घेतलं आणि आईला बाहेरच्या बाकावर बसवलं. मधे एक हिरवं दार. आत मी, भिंतीवरचं घड्याळ आणि तासातासाने येऊन तपासून जाणारी एक बाई. ती वाईट नव्हती, तिच्याकडे आणखी चौघी होत्या. पण त्या नऊ तासांत कळांपेक्षा मला त्या दाराचा त्रास जास्त झाला. आई बाहेर आहे हे माहीत होतं. तिचं खोकणंसुद्धा ऐकू येत होतं. पुढे मी स्वतः लेबर रूमची सिस्टर झाले आणि कितीतरी वर्षं तेच दार मीच लावत राहिले. "नातेवाईक बाहेर थांबा." किती आयांना असं बाहेर काढलं, त्याची मोजदाद नाही.

डोळे उघडले ते गोठिवलीच्या एका आगरी सुनेमुळे. रात्रपाळी होती, वॉर्ड भरलेला, आणि तिची सासू काही केल्या बाहेर जाईना. मी थकून तिला राहू दिलं. सासू धिप्पाड, हाताला वर्षानुवर्षं मासळी वाहिल्याचे घट्टे. सून खाटेचा कठडा धरून वाकून उभी. कळ आली की सासू आपल्या तळव्याची टाच तिच्या माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर ठेवायची आणि अंगाचं सगळं वजन टाकून दाबायची. चोळायची नाही, नुसती दाबून धरायची. सून खालच्या पट्टीत, जात्यावर ओवी धरावी तसा एक लांब ‘हं’ काढायची. कळ ओसरली की सासू हात काढून पाण्याचा पेला पुढे करायची, "बाय, घोट घे." पुन्हा कळ, पुन्हा तळवा. असे पाच तास. मी चार वेळा ठोके ऐकायला गेले की दर वेळी तेच चित्र. पहाटे मुलगी झाली, एक टाका नाही. त्या रात्रीनंतर मी कुठल्याही आईला बाहेर काढलं नाही, वरिष्ठांची बोलणी खाल्ली तरी.

केंद्र सरकारने 2016 पासून सरकारी दवाखान्यांच्या लेबर रूममध्ये सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे. त्यानंतर लेबर रूमचा दर्जा सुधारायला आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ते आहे. सरकारी ठिकाणी बहुतेक बाईमाणसालाच आत घेतात, कारण शेजारच्या खाटांवर दुसऱ्या बायका असतात. खासगीत वेगळी खोली असेल तर नवऱ्यालाही घेतात. हे आधी लेखी विचारून ठेव. आणि कुणाला न्यायचं ते नात्यावरून ठरवू नकोस. जी तुझ्याकडे बघून स्वतः रडायला लागणार नाही, तिला ने. तुझी आई हळवी आहे, हे तुलाही माहीत आहे. मोठी वहिनी मला जास्त योग्य वाटते. जावईबापू टिकतील असं वाटतं, पण त्यांना आधी शिकवावं लागेल.

कळांबद्दल सगळ्याच जणी तुला घाबरवतील. मी एक हिशेब सांगते. ऐन कळांचे आठ तास धर, आणि दर तीन मिनिटांनी एक मिनिटाची कळ. म्हणजे एकशे साठ कळा. दुखण्याची एकूण वेळ दोन तास चाळीस मिनिटं. उरलेले पाच तास वीस मिनिटं दुखत नसतं. ज्या बायका त्या मधल्या दोन मिनिटांत पुढच्या कळेची वाट बघत अंग आखडून बसतात, त्या लवकर थकतात. त्या दोन मिनिटांत खांदे सोडायचे, जबडा सैल करायचा, जमलं तर डुलकीही घ्यायची. मी बायकांना कळांच्या मधे घोरताना पाहिलंय. गरम पाण्याची अंघोळ मिळाली तर सोडू नकोस. शॉवर असेल तर कंबरेवर धार घे. ओरडावंसं वाटलं तर ओरड, पण आवाज खालच्या पट्टीत ठेव. वरच्या पट्टीत किंचाळलं की गळा, छाती, खालचं अंग, सगळंच आवळतं. चालणं आजपासून सुरू कर. उपवन तलावाला जमलं तर तिथे, नाहीतर सोसायटीतल्या फेऱ्या.

सात-आठ सेंटीमीटरला एक वेळ येते. बाई थरथरते, उलटी होते, आणि सरळ म्हणते, "मला नाही जमत, सिझर करा, घरी न्या." हे तू म्हणशील. सोबतच्या माणसाला आजच सांगून ठेव की हे वाक्य आलं म्हणजे बहुतेक वेळा बाळ जवळ आलंय. तेव्हा त्याने घाबरून डॉक्टरांकडे पळायचं नाही. सिस्टरला तपासायला बोलवायचं आणि पाठीवरचा हात काढायचा नाही.

डॉक्टर मधेच काही करू म्हणाल्या, सलाईन म्हणा, पाणमोट फोडणं म्हणा, तर तुझ्या वतीने सोबतीणीने एवढंच विचारायचं: बाळाचे ठोके बरे आहेत का, आणि तासभर थांबलो तर चालेल का? ठोके मिनिटाला 110 ते 160 मध्ये असतील आणि तूही ठीक असशील, तर बऱ्याचदा थांबता येतं. "नाही, आत्ताच करायला हवं," असं त्या म्हणाल्या तर कारण ऐक आणि मान. कळा वाढवायच्या सलाईनच्या कळा वेगळ्याच असतात, जवळजवळ आणि धारदार, मधली उसंत कमी होते. ते लावावं लागलं आणि तू दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन मागितलंस, तर मनाला लावून घेऊ नकोस. ठरवलं होतं ते वेगळ्या परिस्थितीसाठी ठरवलं होतं.

काही गोष्टींना मात्र नाही म्हणू नकोस, याबाबतीत मी तुझ्याशी भांडेन. ठोके ऐकू दे, कळांमध्ये पंधरा ते तीस मिनिटांनी आणि जोर लावताना दर पाच मिनिटांनी. हातात सुई लावून ठेवू दे, बाटली न जोडता नुसती बंद सुई. आणि बाळ झाल्या झाल्या मांडीत किंवा दंडात दिलं जाणारं ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन घेच. "मला औषध नको होतं" म्हणून एका सुशिक्षित मुलीने ते नाकारलं होतं. वार, म्हणजे बाळाला पोटात पोसणारी, नाळेच्या दुसऱ्या टोकाची गादी, पडल्यावर तिच्या खाली ठेवलेली चादर बघता बघता लाल झाली आणि आम्ही सगळे धावत सुटलो. ती वाचली, पण रक्ताच्या चार पिशव्या लागल्या. दुखू नये म्हणून घेतलेलं औषध वेगळं, रक्त जाऊ नये म्हणून घेतलेलं वेगळं. बाळाला व्हिटॅमिन के चं इंजेक्शनही दे. नाळ मात्र लगेच कापायला लावू नकोस. निदान एक मिनिट थांबायला सांग. बाळ उघड्या छातीवर घे आणि तासभर तिथेच राहू दे. वजन नंतर करता येतं, अंघोळ दुसऱ्या दिवशी.

हे सगळं मी तुझी फाईल बघून लिहितेय. बीपी ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिन अकराच्या वर, वार वरच्या बाजूला. यातलं काही बदललं, किंवा शेवटी बाळ आडवं राहिलं, तर बेतही बदलेल.

निघायचं कधी? पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या कळा घरीच काढाव्यात. पाच मिनिटांना एक, मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघावं, हा नेहमीचा हिशेब. पण तू कासारवडवलीला राहतेस. संध्याकाळी घोडबंदर रोडवरून कापूरबावडीपर्यंत गाडीत बसून कळा काढणं मला तुझ्यासाठी नको वाटतं. अडतिसावा आठवडा लागला की सरळ नौपाड्याला माहेरी येऊन राहा. तिथून हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. पाणी गेलं, विशेषतः हिरवट किंवा पिवळट, अंगावरून लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट बघायची नाही. लगेच निघायचं, गाडी नसेल तर 108 ला फोन करायचा.

शनिवारी संध्याकाळी दोघंही या. वहिनीलाही आण. तळवा नेमका कुठे ठेवायचा आणि किती जोर द्यायचा, ते पत्रात कळत नाही, तुझ्या पाठीवर ठेवूनच दाखवायला हवं. येताना फाईल आण, आणि प्रश्नांचा कागदही लिहून आण, म्हणजे ओपीडीत जाण्याआधी मी एकदा वाचते.

तुझी,
मावशी