वाचकांचे प्रश्न : झाडाचा राग नेमका कशावर?

प्रश्न : टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये नदीकाठचं म्हातारा विलो हे झाड चार हॉबिट्सना, म्हणजे बुटक्या माणसांना, गिळायला निघतं. तो मुख्य खलनायक सॉरॉनचा हस्तक आहे का? सॉरॉन शोधतोय ती अंगठी त्याला हवी असते का?

उत्तर : दोन्ही नाही. अंगठी चौघांपैकी फ्रोडोकडे असते, आणि त्यालाच हे झाड मुळासरशी विदीविंडल नदीत ढकलून पाण्याखाली दाबून धरतं. हीच अंगठी पूर्वी एकदा नदीत गेली होती, ती जवळजवळ अडीच हजार वर्षं कोणाच्या हाती लागली नाही. सॉरॉनच्या माणसाने असला उद्योग केला नसता. विलोच्या लेखी चौघंही सारखेच : मोकळे हिंडणारे, तोडणारे, जाळणारे.

रागाचं कारण विलो उभा आहे त्या अरण्याच्या वेशीवर सापडतं. शेजारच्या बकलँड प्रांतातल्या हॉबिट्सनी तिथे वीस मैलांहून लांब जिवंत कुंपण लावलं. झाडं सरकत आली, कुंपणाला खेटून उभी राहिली, त्यावर ओणवली. मग हॉबिट्सनी शेकडो झाडं तोडली, अरण्यातच त्यांची होळी केली आणि कुंपणालगतची लांब पट्टी जाळून मोकळी केली. हे गाऱ्हाणं साऱ्या अरण्याचं आहे. विलोची त्यात भर म्हणजे सत्तेची हाव. अरण्याकाठी राहणारा गूढ टॉम बॉम्बाडिल सांगतो, की त्याचं काळीज किडलंय पण ताकद हिरवीगार आहे, आणि जमिनीतून, हवेतून पसरत त्याने कुंपणापासून टेकड्यांपर्यंतची जवळपास सगळी झाडं कह्यात घेतली आहेत. दुःख सगळ्यांचं, मुखत्यारपत्र एकाचं. असे पुढारी आपल्याला नवे नाहीत. पुढे झाडांचा राखणदार ट्रीबीअर्ड म्हणतो, की तिकडे उत्तरेत जुन्या काळोखाची सावली अजून रेंगाळत असावी. धागा तिथवर नेता येतो, पण हुकूम कोणाचाच दिसत नाही.

हेतू सगळ्यात स्वच्छ दिसतो तो पद्धतीत. हॉबिट्सना जायचं असतं उत्तरेला, पण वाटा अशा मिटत जातात की ते नदीकडेच उतरतात. मग दुपारचं ऊन आणि अनावर गुंगी. खोडाला टेकलेल्या दोघांवर भेग मिटते : पिपिन पुरता आत, मेरीचे पाय तेवढे बाहेर. सॅमला त्या झोपेचाच संशय येतो, म्हणून तो वाचतो. सॅम आणि फ्रोडो बुंध्याशी जाळ करतात तेव्हा झाड मेरीला असं आवळतं की तोच ओरडतो, विझवा, नाहीतर हा माझे दोन तुकडे करेल. बकलँडची ती होळी इथे कामाला येते.

प्रश्न : चित्रपटात हा प्रसंग का आठवत नाही?

उत्तर : 2001च्या पहिल्या चित्रपटात ते अरण्यही नाही आणि बॉम्बाडिलही नाही. दुसऱ्या भागाच्या वाढीव आवृत्तीत मात्र फँगॉर्न या दुसऱ्या अरण्यातलं एक झाड मेरी आणि पिपिनला गिळू लागतं आणि ट्रीबीअर्ड त्यांना सोडवतो. प्रसंग राहिला, कुंपणाचा इतिहास गेला. त्यामुळे ते झाड उगाच खाष्ट वाटतं.

प्रश्न : माझ्या कथेतला पिंपळ गावकऱ्यांना मारतो. कारण ‘शाप’ दिलंय, पण वाचणाऱ्यांना पटत नाही. काय बदलू?

उत्तर : आधी ठरवा, दुष्ट कोण : झाड की त्यावरचा भाडेकरू? पिंपळावरचा मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंजीआधीच गेलेला मुलगा. त्याची वासना माणसाची. वेताळपंचविशीतलं झाड तर प्रेत टांगायची खुंटी. तुमचा शापही भाडेकरूच आहे, म्हणून झाड रिकामं वाटतं.

झाडालाच खलनायक करायचं, तर त्याला झाडाच्याच गरजा द्या. पिंपळाचं बी पाखराच्या विष्ठेतून दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात किंवा वाड्याच्या भिंतीत रुजतं. मुळं आधार देणाऱ्या झाडाच्या खोडात शिरत खाली उतरतात, त्याला आतून फोडत जातात; सावली आणि पाण्याची ओढाताण यांनी ते झाड हळूहळू मरतं. असा पिंपळ वाडा मागेल, त्यातली माणसं त्याला अडगळ वाटतील. चंदनाचा हेतू वेगळा निघेल : त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार ओढतात, म्हणजे शेजारचं झाड तोडणारा त्याचा पोशिंदाच मारतो. अक्रोड जमिनीत जुग्लोन नावाचं विषारी रसायन सोडतो आणि आसपासची काही रोपं जगू देत नाही. एकलकोंड्या खलनायकाला तो बरा.

मग पहिल्या बळीच्या आधी झाडावरची जखम दाखवा, तीही ओझरती. खोडाची उंची शेंड्याकडून वाढते, म्हणून चार फुटांवर ठोकलेला खिळा पन्नास वर्षांनीही चार फुटांवरच असतो. खोड जाड होत त्याला पोटात घेतं. आजोबांनी पाटीसाठी ठोकलेला खिळा नातवाच्या हाताला सालीखाली लागला, की शापाचा परिच्छेद खुशाल काढून टाका. खोड कापून वर्षं मोजायचा प्रसंग मात्र नको, वड-पिंपळात वलयं सहसा स्पष्ट नसतात.

आणखी एक. तुमचा पिंपळ एका अमावस्येत तिघांना मारतो. इतकी घाई माणसाला असते. भिंत फोडायला ज्याला दोन पिढ्या लागतात, त्याने आधी विहीर आटवावी, मग चौथरा उचलावा. आणि शेवटच्या पानावर तो जे भाषण करतो, ते गाळा.