पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी डिस्कवर जागा किती उरलीय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन महिन्यांपूर्वी विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट टाकलं, छान चाललं होतं. परवा अपडेट मध्येच अडकलं म्हणून लॅपटॉप बंद करून चालू केला. आता पासवर्ड बरोबर टाकला तरी स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा पासवर्डच मागते. मध्ये एकदा कसेबसे आत गेलात, तर वायफायचं चिन्हच गायब. शिवाय विंडोजमध्ये गेलं की घड्याळ काही तास चुकलेलं असतं, आणि लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही. 'चार बिघाड झालेत, सरळ पुसून पुन्हा टाकू का?'

नका टाकू. निदान आज तरी नको. चार तक्रारी म्हणजे चार रोग, असं नसतं. माझा अंदाज असा की लॉगिन आणि वायफाय या दोन्हींचं मूळ एकच आहे: डिस्क भरलीय आणि त्यामुळे अपडेट अर्धवट राहिलंय. घड्याळ आणि ड्राइव्ह या विंडोजशी एका घरात राहण्याच्या जुन्या कुरबुरी आहेत. त्या पहिल्या दिवसापासून असणार, तुमचं लक्ष आत्ता गेलं इतकंच. अंदाज चुकूही शकतो, म्हणून आधी तपासू.

एक सूचना: कमांड मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाका, आकडेही इंग्रजी. आडव्या रेघा आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवा.

लॉगिनच्या स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळी पाटी येईल, तिथे युजरनेम आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना एकही ठिपका दिसत नाही, कीबोर्ड बिघडलेला नसतो. इथे आत जाता आलं, तर पासवर्ड बरोबर आहे आणि अडचण फक्त डेस्कटॉप उभा राहण्यात आहे, एवढं लगेच ठरलं. मग 'डीएफ -एच' द्या. जी ओळ नुसत्या '/' या खुणेवर संपते तिच्यातला टक्का बघा. तिथे १०० असेल तर चोर सापडला.

डिस्क भरली की लॉगिन का अडतं? डेस्कटॉप सुरू होताना तुमच्या होम फोल्डरमध्ये काही बारीकसारीक फाइली लिहाव्या लागतात. लिहायला जागा नाही, म्हणून सेशन उभं राहतं आणि लगेच कोसळतं. तुम्ही पुन्हा दारात. पासवर्ड चुकला असं ते कुठेही म्हणत नाही, आपणच तसं समजून चार वेळा टाकत बसतो. काळ्या पाटीवर हे सगळं लागत नाही, म्हणून तिथे आत जाता येतं. आणखी एक गंमत. ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये साधारण ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवलेली असते. आपल्याला 'जागा संपली' दिसत असतानाही 'सुडो' (कमांड रूटच्या अधिकाराने चालवणारा शब्द) लावून साफसफाई करता येते ती त्या राखीव जागेच्या जोरावर.

आता जागा खाल्ली कोणी? मिंटवर माझा पहिला संशय टाइमशिफ्टवर असतो. सिस्टीमच्या त्या-त्या वेळच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, जपून ठेवणारा हा प्रोग्राम. सुरुवातीलाच मिंट तुम्हाला ते चालू करायला सुचवतं, आपण पुढे-पुढे करत जातो आणि स्नॅपशॉट डिस्कच्या त्याच भागावर (पार्टिशनवर) साठत राहतात. पहिला स्नॅपशॉट जवळजवळ सिस्टीमएवढी जागा घेतो, नंतरचे फक्त बदललेल्या फाइलींपुरती. खात्री करायला 'सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /' द्या. कोणतं फोल्डर किती फुगलंय ते दिसेल. टाइमशिफ्ट नावाचं फोल्डर भलंमोठं निघालं तर 'सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट' ने यादी काढा आणि त्याच्याच '--डिलीट' पर्यायाने जुने स्नॅपशॉट उडवा. फोल्डरमध्ये शिरून हाताने पुसू नका. एकच फाइल अनेक स्नॅपशॉटमध्ये जोडलेली असते, त्यामुळे एक स्नॅपशॉट काढला तरी अपेक्षेएवढी जागा सुटत नाही. त्यात दोष नाही, आणखी एक-दोन काढा. आणि हो, टाइमशिफ्ट सिस्टीमची आठवण ठेवतं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं ते आपणहून घेत नाही. त्याला बॅकअप समजून निर्धास्त बसलेल्यांना मी अनेकदा हात चोळताना पाहिलंय.

घाईत थोडी जागा हवी असेल तर 'सुडो एपीटी क्लीन' ने डाउनलोड झालेली पॅकेजं जातात. 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' ने जुने लॉग आवरतात, यातला शेवटचा एम तेवढा मोठा लिहा. कचरापेटी रिकामी करायला लोक हमखास विसरतात. जुने कर्नल (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) मात्र अजून काढू नका, त्यांचं काम पुढे आहे.

डीएफमध्ये भरपूर जागा दिसतेय आणि तरी 'जागा नाही' असा निरोप येतोय, असं झालं तर 'डीएफ -आय' बघा. लाखो चिमुकल्या फाइली झाल्या की जागा शिल्लक असूनही फाइलींच्या नोंदी संपतात. घरच्या लॅपटॉपवर हे क्वचितच होतं.

जागा झाली की अर्धवट राहिलेलं काम पुरं करा. इंटरनेट लागेल आणि वायफाय तर नाही. फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो बहुतेक वेळा तारेचं नेटवर्क म्हणून लगेच कळतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग आधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', नंतर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. यावर 'लॉक मिळालं नाही' असं उत्तर आलं तर पाठीमागे दुसरं अपडेट चालू आहे. दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल पुसून टाका असा सल्ला नेटवर जागोजागी सापडतो. तो ऐकू नका. ते कुलूप एकाच वहीत दोघांनी एकदम लिहू नये म्हणून असतं. ते तोडलंत की पॅकेजांच्या नोंदीच विस्कटतात, आणि मग खरंच पुन्हा इन्स्टॉलची वेळ येते.

आता वायफाय. अर्धवट अपडेटशी याचा संबंध असा: मिंट आणि ते ज्यावर उभं आहे त्या उबंटूमध्ये नवा कर्नल एका तुकड्यात येत नाही, त्याची अनेक पॅकेजं असतात. बरेच वायफाय ड्रायव्हर 'मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' नावाच्या पॅकेजात असतात. कर्नल आला आणि हे पॅकेज यायच्या आत जागा संपली, तर लॅपटॉप नव्या कर्नलवर सुरू होतो पण वायफाय कार्डाशी बोलणारा कोणी नसतो. हे पडताळायची सोपी युक्ती आहे, आणि जुने कर्नल ठेवा म्हटलं ते यासाठीच. सुरू होताना विंडोज की लिनक्स असं विचारणारी ग्रबची यादी येते, त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जा आणि आधीचा कर्नल निवडा. त्यात वायफाय दिसलं तर कार्ड धडधाकट आहे, नव्या कर्नलच्या सामानात काहीतरी राहिलंय. वरच्या दोन कमांडनी बहुधा ते भरून निघेल.

नाही निघालं तर 'एलएसपीसीआय -एनएनके' द्या आणि नेटवर्क कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ शोधा. कार्ड आहे पण ती ओळ नाही, म्हणजे ड्रायव्हर नाही. ओळ आहे आणि तरी वायफाय बंद, तर 'आरएफकिल लिस्ट' बघा. तिथे 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर लॅपटॉपवरचं विमानाचं बटण दाबलं गेलंय. हसू नका, मी स्वतः त्या बटणापायी अख्खी संध्याकाळ घालवलीय.

ब्रॉडकॉम आणि काही रिअलटेक कार्डांची गोष्ट वेगळी. त्यांचे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर असतात आणि दर नव्या कर्नलसाठी तुमच्याच मशीनवर नव्याने बांधले जातात. हे काम डीकेएमएस करतं, 'डीकेएमएस स्टेटस' ने ते कुठपर्यंत झालंय हे कळतं. त्यातही सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय, चालू असेल तर बांधलेल्या ड्रायव्हरवर सही लागते. त्या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येऊन तो विचारते. ही स्क्रीन काहीतरी भयंकर झालंय असं वाटून लोक एंटर मारून पुढे जातात, सही नोंदवली जात नाही, आणि ड्रायव्हर असूनही चालत नाही. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरबाबतही हाच घोळ होतो.

घड्याळाचं कारण साधं आहे. मदरबोर्डवर एकच घड्याळ असतं. विंडोज त्यातली वेळ स्थानिक समजतो, लिनक्स तीच वेळ यूटीसी म्हणजे जागतिक वेळ समजतो. दोघं आळीपाळीने काटे फिरवतात, म्हणून तुमच्या स्थानिक वेळेचा यूटीसीशी जितका फरक तितकीच चूक दिसते. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की लिनक्स विंडोजचं ऐकतो. जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तिथे मात्र दोन्ही सिस्टीम आपापल्या परीने तास हलवतात आणि नवा घोळ होतो. विंडोजमध्ये महिन्यातून एकदा जात असाल तर मी काहीच करणार नाही, नेट जोडलं की वेळ आपोआप सुधारते.

ड्राइव्हवर लिहिता न येण्यामागे बहुतेक वेळा विंडोजचं फास्ट स्टार्टअप असतं. 'शट डाउन' म्हटलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि पार्टिशन आपल्याकडे अडवून ठेवतं. लिनक्स ते पाहून शहाण्यासारखं फक्त वाचतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ते बंद करा. जबरदस्तीने लिहायचे मार्ग आहेत, पण झोपलेल्या विंडोजच्या फाइली बदलणं म्हणजे डेटा गमावायची तयारी ठेवणं.

डिस्क भरलेली निघालीच नाही तर? मग 'जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर' द्या. मागच्या वेळी मशीन चालू होतं तेव्हाच्या चुका दिसतील. पन्नास लाल ओळी पाहून घाबरू नका. बऱ्याच लॅपटॉपवर एसीपीआयच्या (वीज आणि हार्डवेअर सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) काही तक्रारी रोज उमटतात आणि त्यांनी सहसा काही बिघडत नाही. बिघाड झाला त्या मिनिटाच्या ओळी तेवढ्या वाचा. मी सगळं ठीक चाललेल्या दिवशीचा लॉग एकदा जपून ठेवला होता. त्याच्याशी ताडून पाहिलं की नवी ओळ कोणती ते चटकन कळतं. 'आय/ओ एरर' वारंवार दिसला तर मात्र सगळं थांबवा आणि आधी तुमच्या फाइली बाहेर काढा. ती डिस्क मरायला टेकलीय, तिच्यावर पुन्हा इन्स्टॉल करून काय मिळणार?

एका वेळी एकच बदल करा, आणि केलेला प्रत्येक बदल कागदावर लिहा. हे मी शिकलो ते फजिती होऊन. सुरुवातीच्या वर्षात एका फोल्डरमध्ये फाइल ठेवता येईना, तेव्हा कुठूनतरी उचललेली 'सुडो सीएचमॉड -आर ७७७' अशी कमांड मी थेट '/यूएसआर' या सिस्टीमच्या प्रोग्रामांच्या फोल्डरवर चालवली. सगळ्यांना सगळी परवानगी दिली की अडचणच संपेल, असा माझा हिशेब. झालं उलटं. त्या कमांडने 'सुडो' या प्रोग्रामवरची खास खूणच पुसली गेली आणि पुढच्या क्षणापासून सुडोने काम करायला साफ नकार दिला. केलेलं निस्तरायला सुडो हवं, आणि सुडोच मोडलेलं. त्या दिवशी मी पुन्हा इन्स्टॉल केलं, कबूल करतो. तुमचं तसं काही झालेलं दिसत नाही.

जागा मोकळी करूनही लॉगिन फिरून-फिरून दारातच येत असेल, तर काळ्या पाटीवर 'एलएस -एल .एक्सऑथॉरिटी' देऊन पाहा. यातले एक्स आणि ए मोठे. त्या फाइलीचा मालक म्हणून तुमच्या नावाऐवजी रूट दिसला, तर कधीतरी सुडो लावून ग्राफिकल काहीतरी चालवलं गेलंय. 'सुडो एमव्ही' ने त्या फाइलीचं नाव बदला, लॉगिन करताच नवी तयार होते. तेही नसेल तर 'डीएफ -एच', 'डीकेएमएस स्टेटस' आणि वरच्या जर्नलचं उत्तर मला दाखवा. कापलेलं नको, पूर्ण हवं, आणि 'एरर येतोय' एवढंच न लिहिता एररचे शब्द जसेच्या तसे लिहा.